पांढऱ्या तोंडांची साक्ष

१

नर्स सोजराबाई शेजारच्या तांड्यावरचं बाळंतपण उरकून माळसावंगीला परतल्या, तेव्हा दवाखान्यातली आया चांगुणा चोर ठरून गेली होती. सकाळी दहाला चोरी उघडकीला आली, बाराच्या आत चोर सापडला आणि एकच्या सुमाराला लोक जेवायलाही गेले. इतका चपळ न्याय या मुलखात पूर्वी झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

साल चौऱ्याहत्तर, दिवाळी होऊन आठ दिवस झालेले. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडे वसलेल्या या गावात सरकारचा छोटा दवाखाना होता. शुक्रवारी परभणीहून आरोग्य खात्याचे मोठे साहेब तपासणीला यायचे होते, म्हणून मंगळवारी डॉक्टर विश्वंभरांनी औषधांचं कपाट उघडायला लावलं. प्रेडनिसोलोनच्या हजार गोळ्यांचा डबा जागेवर नव्हता. दम्यानं अगदी अडलेल्या रोग्यासाठी जपून ठेवलेलं ते औषध. त्या कपाटापर्यंत पोचणारी माणसं तीनच होती : किल्ली सांभाळणारे कारकून दत्तोपंत, औषधं देणारा कंपाउंडर हरिचंद आणि झाडलोट करणारी चांगुणा.

डॉक्टर सव्वीस वर्षांचे, नोकरीला जेमतेम सहा महिने झालेले. पोलिसांचं नाव निघताच त्यांनी गावातल्या गावात मिटवू म्हटलं. तेव्हा हरिचंदनं तोड काढली. देवर्षी सटवाजीनं मंतरलेले कोरडे तांदूळ तिघांनी चावायचे; चोराच्या तोंडातून रक्त येतं, असं सारा गाव मानत होता. डॉक्टरकी शिकून आलेल्या माणसानं यावर मान डोलावली, हे सांगतानाही राग येतो.

पारापाशी गाव जमलं. हरिचंदनं मूठभर तांदूळ चावून पांढरं पीठ थुंकून दाखवलं. दत्तोपंतांनी जानव्याला हात लावला आणि सटवाजीच्या हातचं आमच्यात चालत नाही असं सांगितलं. ते कोणालाच खटकलं नाही. चांगुणानं तांदूळ चावले आणि तिच्या ओठांतून लाल लाळ आली. झालं, निकाल लागला.

सोजराबाईंची पन्नाशी उलटली होती. निजामाच्या राज्यात हैदराबादेला नर्सिंग शिकलेली ही बाई. जीभ तिखट आणि डोळा त्याहून तिखट. बौद्ध वस्तीत त्यांचं आणि चांगुणाचं घर समोरासमोर होतं. चांगुणा दवाखान्याच्या ओट्यावर पाठ ताठ करून बसलेली त्यांना दिसली.

"आपण देव सोडले, देवर्षी सोडले," सोजराबाई म्हणाल्या. "मंग ते तांदूळ तोंडात घातलेस काहून?"

"न्हाई घातले असते तर भेली म्हणले असते, आक्का. घातले तर चोर म्हणले." चांगुणानं पदरानं ओठ टिपले. "शुक्रवारी साहेबांसमोर मला काढणार हायेत. तवर मी ह्या ओट्यावरून हलणार न्हाई. उचलून फेका म्हणावं."

चांगुणा बत्तीस वर्षांची. नवरा चार वर्षांमागे गेला. मुलगी सरला हिंगोलीच्या वसतिगृहात राहून आठवीत शिकत होती. नोकरी गेली तर सरलाची शाळा सुटणार होती, आणि चोराची पोरगी हे नाव तिला जन्मभर चिकटणार होतं. चांगुणा त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. सोजराबाईंना सगळं ठाऊक होतं.

त्यांनी तिला उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं. टाळूवर, जिभेवर, गालांच्या आतून दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसा पांढरा थर होता. कापसानं हलकेच पुसला तर खाली लाल मांस दिसलं आणि त्यातून रक्ताचे टिपके आले. हे तोंड तांदूळ काय, कडक भाकरीनंसुद्धा फुटलं असतं.

ही बुरशी सोजराबाईंनी तान्ह्या लेकरांच्या तोंडात पाहिली होती, मरणाला टेकलेल्या म्हाताऱ्यांच्या आणि क्षयानं पोखरलेल्या रोग्यांच्याही. अंगातली झुंजायची ताकद संपली की ती तोंडात ठाण मांडते. चांगुणाला खोकला नव्हता. उलट अंगानं ती भरली होती, चेहरा वाटोळा झाला होता. सोजराबाईंनी तिची लघवी निळ्या औषधात उकळून पाहिली. रंग निळाच राहिला, म्हणजे साखरेचा आजारही नव्हता.

मग या धडधाकट दिसणाऱ्या बाईला आतून पोकळ कोणी केलं होतं?

२

सोजराबाईंनी एकेकाला गाठायचं ठरवलं. पहिले दत्तोपंत. ते कारकुनाच्या मेजामागे ताकाचा पेला घेऊन बसले होते. किल्ली जानव्यालाच बांधलेली, ती अंघोळीलाही सुटत नाही, असं त्यांनी ओठ फारसे न हलवता सांगितलं. सकाळी कपाट उघडून द्यायचं आणि संध्याकाळी लावून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. दिवसभर आतून काय काय निघालं ते कंपाउंडरनं सांगायचं आणि त्यांनी लिहायचं. अधिक विचारल्यावर ते चिडले आणि गुडघे धरत उठून गेले.

हरिचंद मात्र गोडच बोलला. अठरा वर्षं कंपाउंडरकी केलेला, सगळ्या गावाचा लाडका माणूस. त्यानं सोजराबाईंना बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. चांगुणाबद्दल त्याला वाईट वाटत होतं म्हणे.

"गरिबाला मोह होतो, बाई," तो म्हणाला. "आन तिला दमा हायेच की. बघा ना, कशी गुबगुबीत झाली ते. आमी काय बोलावं?"

सोजराबाई त्याच पावली डॉक्टरांकडे गेल्या. चांगुणाचं तोंड त्यांनी बघावंच, असा हट्ट धरला. या डॉक्टरनं आपल्याच दवाखान्यातल्या आयाच्या तोंडात एकदाही डोकावलं नव्हतं. तोंड आलंय म्हटलं की ते रोग्याला परस्पर हरिचंदकडे पाठवायचे. आता त्यांनी विजेरी धरली, जीभ दाबली, आणि चेहरा एकदम उजळला.

"सिस्टर, तुम्ही मोठंच काम केलंत," ते म्हणाले. "प्रेडनिसोलोन बरेच दिवस खाल्लं की अंगाची प्रतिकाराची ताकद मरते आणि तोंडात नेमकी हीच बुरशी धरते. चेहरा असाच वाटोळा होतो. म्हणजे हरवलेल्या गोळ्या हिच्याच पोटात गेल्यात. तांदळावर माझाही विश्वास नव्हता, पण आता वैद्यकीय पुरावाच मिळाला."

चांगुणाला सोडवायला गेलेल्या सोजराबाईंनी तिच्या गळ्यातला फास आपल्याच हातानं आवळला होता.

३

संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावरच चांगुणा ओट्यावरून उठली. सोजराबाईंनी तिला घरी बसवून उलटसुलट विचारलं. तिनं दवाखान्यातली एकही गोळी खाल्ली नव्हती, हात लावला नव्हता. सरलाची आण घालून सांगू का, असं तिनं विचारलं. सोजराबाई म्हणाल्या, आण नको, कागद दाखव.

कागद होता. चांगुणा दवाखान्यात कामाला लागली दसऱ्याला. त्याआधी, श्रावणात, ती रोगी म्हणून आली होती आणि तेव्हाची चिठ्ठी तिनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. ऑगस्टचा शिक्का, आणि खाली लिहिलेलं : तोंडात पांढरे चट्टे, जांभळं औषध लावलं. गेल्या आठवड्यातही तेच जांभळं औषध तिच्या तोंडाला लावलं गेलं होतं. अक्षर हरिचंदचं होतं. सोजराबाईंनी चिठ्ठी घडी घालून पोलक्यात ठेवली आणि त्या रात्री त्यांना झोप लागली.

बुधवारी सकाळी वस्तीत ओरडा झाला. चांगुणा अंगणात कोसळली होती. दोनदा उलटी झाली, हातपाय गार पडले, नाडी बोटाला लागेना. पारावरच्या लोकांना बातमी पोचायला वेळ लागला नाही आणि सटवाजीच्या तांदळानं आपलं काम पुरं केलं असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं.

सोजराबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "चांगुणा, ऐक. रोज काय खात होतीस जे आता बंद झालं? भाजी, तंबाखू, काही बी असो."

"दम्याची पुडी," चांगुणा कशीबशी म्हणाली. "मिराबाईची. रविवारी सरली. उद्याच्या बाजारात घेणार होते."

मिराबाई म्हणजे औंढ्याकडून दर गुरुवारच्या बाजाराला येणारी झाडपाला विकणारी बाई. आषाढापासून चांगुणा तिची पुडी घेत होती. दमा जादूसारखा पळाला होता. सोजराबाईंनी डॉक्टरांना अक्षरशः हाताला धरून आणलं. पुडीचं ऐकून आणि नाडी पाहून त्यांनी काय ते ओळखलं. त्यांनी ठेवणीतलं इंजेक्शन काढून शिरेत दिलं, सलाईन लावलं, आणि दुपारपर्यंत चांगुणा उठून बसली.

डॉक्टर तिच्या उशाशीच बसले. त्यांनी समजावून सांगितलं ते असं : ही गोळी बाहेरून मिळत राहिली की शरीर स्वतःचा तसला रस करणं विसरतं. मग गोळी एकदम तोडली तर माणूस असा कोसळतो, मरतोही. म्हणजे मिराबाईच्या पुडीत प्रेडनिसोलोन कुटून घातलेलं असणार. सोडायचं तर हळूहळू, मात्रा उतरवत सोडावं लागेल.

सोजराबाईंनी श्रावणातली चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"हिचं तोंड श्रावणात पांढरं होतं, डॉक्टर. ही कपाटापाशी आली दसऱ्याला. मंग दोन महिने आधी गोळ्या कोणी काढल्या? डबा या आठवड्यात चोरीलाच गेला न्हाई. तो कवाचा रिकामा झाला होता. साहेब येणार म्हणून कोणीतरी रिकामा डबा फेकला आन चोरीचं सोंग केलं."

डॉक्टरांनी चिठ्ठीवरची तारीख दोनदा वाचली. मग हळूच म्हणाले, "किल्ली दत्तोपंतांकडे असते."

सोजराबाईंच्या हातात चांगुणाच्या पुडीचा रिकामा कागद होता. त्याच्या घड्यांकडे त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या.

४

गुरुवारी बाजारात मिराबाई पोत्यावर अडुळसा, बेहडा, मुरडशेंगा मांडून बसली होती. पुडीत सफेद काय घालतेस, असं विचारल्यावर तिनं सरळ सांगितलं की पुड्या तिच्याकडे तयार येतात, देणाऱ्याचं नाव न सांगण्याची तिनं शपथ घेतलीय, आणि पोटावर पाय देऊ नका. सोजराबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी थोडा अडुळसा मागितला. मिराबाईनं कागदाचा कोन वळला, पाला भरला आणि वर दोरा गुंडाळला.

"तुझी पुडी खाऊन काल एक बाई मरता मरता वाचली," सोजराबाई म्हणाल्या. "खाणाऱ्या सगळ्यांना दवाखान्यात धाड. पुडी एकदम बंद करू नका म्हण, आधी डॉक्टरला दाखवा म्हण. येवढं तरी करशील?"

मिराबाईचा चेहरा पडला. ती काही लोकांना मारायला बसली नव्हती. नाव ती तरीही सांगेना, पण घेणारे कोण कोण ते सांगायला लागली. औंढ्याचे दोन पुजारी, गोरेगावची एक शिक्षिका, सेनगावकडचे तीन शेतकरी.

"आन तुमच्याच दवाखान्यातले पंत," ती म्हणाली. "गुडघ्यासाठी नेतात. देवळाच्या मागून येतात, कोणी बघू नये म्हणून."

किल्ली दत्तोपंतांकडे, आणि पुडीही दत्तोपंतांकडे. दुसरा कोणी असता तर तिथूनच चौकीवर गेला असता. सोजराबाई दत्तोपंतांच्या घरी गेल्या.

दत्तोपंतांनी आधी कानावर हात ठेवले. मग सोजराबाईंनी विचारलं, ताकावर किती दिवस काढणार? दत्तोपंतांनी दाराकडे पाहिलं, दार लोटलं आणि तोंड उघडलं. टाळूपासून जिभेपर्यंत तोच पांढरा थर.

"मी चोर नाही हो," ते म्हणाले. "पण आता मला कोण खरं मानणार?"

"मी मानते. गोळ्या तुमीच काढल्या असत्या तर त्याच गोळ्या लपतछपत मिराबाईकडून कशाला घेतल्या असत्या?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मंगळवारी पारापाशी तांदूळ नाकारले ते धर्मासाठी नव्हे, हे त्यांनी कबूल केलं. चावले असते तर त्यांच्याही तोंडातून रक्त आलं असतं. जानव्याच्या आड लपायला मिळालं, आणि चांगुणाला लपायला काहीच नव्हतं. ते तिच्या तोंडातलं रक्त बघत उभे राहिले होते.

सोजराबाईंना दया आली आणि रागही आला. राग थोडा जास्त होता. "उद्या साहेबांसमोर हे तोंड उघडा," त्या म्हणाल्या. दत्तोपंतांनी उठून दार उघडून दिलं.

५

शुक्रवारी अकराला साहेबांची जीप आली. डॉक्टरांनी रात्रीच ठरवलं होतं की काही लपवायचं नाही. त्यांनी डबा नसल्याचं सांगितलं आणि सोजराबाईंकडे बोट दाखवलं. चांगुणा भिंतीला टेकून उभी होती. बस म्हटलं तरी ती बसली नाही.

सोजराबाईंनी मेजावर सोड्याची भुकटी आणि कागदाचे तीन चौकोन ठेवले आणि तिघांना एकेक पुडी बांधायला सांगितली. चांगुणानं कागदाची पुरचुंडी करून तिला पीळ दिला. दत्तोपंतांची घडी निम्म्यातच उलगडली आणि सोडा त्यांच्या धोतरावर सांडला. साहेब हसले.

हरिचंदनं कागद उचलला. त्याची नजर मेजाच्या कडेला गेली. तिथे सोजराबाईंनी बाजारातून आणलेली मिराबाईकडची दम्याची एक भरलेली पुडी ठेवलेली होती. त्यानं कागद वाकडातिकडा दुमडला, एक टोक मोकळं सोडलं आणि पुडी पुढे सरकवली. ती लगेच सुटली.

"साहेब," सोजराबाई म्हणाल्या, "मिराबाई पुडी कोनासारखी वळते आन दोरा बांधते. ही कडेची दम्याची पुडी तिच्या हातची न्हाई. हिची कड दोनदा दुमडलेली हाय, आन दोन्ही टोकं मागं नेऊन एक दुसऱ्यात खोचलंय. उपडी करून बघा, कण सांडणार न्हाई. असली पुडी फक्त दवाखान्यात शिकवतात. मी तीस वर्षं बघून राहिले. हरिचंद अठरा वर्षं अशाच पुड्या बांधतो. रोज शंभर. आज त्याला एक बांधता येईना. काहून?"

साहेबांनी पुडी उपडी करून हलवली. कण सांडला नाही.

मग सोजराबाईंनी बाकीचं मांडलं. चांगुणाच्या तोंडाला श्रावणात आणि पुन्हा गेल्या आठवड्यात औषध लावलं ते हरिचंदनं. गावात तिचं तोंड आतून कसं आहे हे ठाऊक असलेला तो एकटाच. ते तोंड कोरड्या तांदळानं फुटणार याची खात्री असलेलाही तोच, आणि तांदळाची तोड काढली तीही त्यानंच. कपाटातून औषध काढायचं ते त्यानंच, आणि किती निघालं ते दत्तोपंतांना सांगायचं तेही त्यानंच. पुड्यांसाठी डबा रिकामा करायचा, पुडी खाणाऱ्या बाईचं तोंड नासवायचं आणि मग त्याच नासलेल्या तोंडाला साक्षीला उभं करायचं. इतका थंड डोक्याचा माणूस सोजराबाईंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

हरिचंद हसण्याचा प्रयत्न करत होता. "घडीवरून चोर ठरवता व्हय? गोळ्या त्या पुडीत हायेत हे कशावरून? एका आयाचं तोंड आलं म्हणून?"

तेव्हा दत्तोपंत उठले. "एकीचं नाही," ते म्हणाले. "माझंही बघा." आणि सगळ्यांसमोर त्यांनी तोंड उघडलं. "तिनं आणि मी एकच पुडी खाल्ली. तिच्यासारखे तांदूळ मी चावले असते तर तुम्ही मला चोर म्हणाला असतात का, हे मला माहीत नाही. मी चावले नाहीत, ही माझी चूक."

साहेबांनी विजेरी मागवली आणि दोन्ही तोंडं आळीपाळीनं पाहिली. हरिचंद दाराकडे सरकला. दारात साहेबांचा शिपाई उभा होता. मग तो खाली बसला आणि लोकांना आरामच पडत होता, कोणाचं वाईट केलं, असं पुटपुटत राहिला. लोकांना खरंच आराम पडत होता, आणि त्यातलाच एखादा बाजार चुकल्यावर अंगणात कोसळून मेला असता.

पोलिसांना निरोप गेला. डॉक्टर चांगुणासमोर येऊन उभे राहिले. मान खाली होती.

"झालं गेलं विसरून जा," ते म्हणाले. "सोमवारपासून कामावर ये. तुझ्या गोळ्यांची मात्रा मी हळूहळू उतरवीन. आता विषय संपला."

"संपला न्हाई," चांगुणा म्हणाली.

ती अशक्त होती, आवाज बारीक होता, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला. "मला चोर म्हणायला गाव बोलावलं होतं तुमी. न्हाई म्हणायला बी गाव बोलवा. पारापाशीच. आन तुमीच सांगा, सोजराआक्कानं न्हाई."

डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब कागद चाळू लागले. सुटका कुठेच नव्हती.

दुपारी दवंडी फिरली. मंगळवारी आले होते त्याहून जास्त लोक आले. डॉक्टर विश्वंभर पारापाशी उभे राहिले आणि म्हणाले की चांगुणाबाईंनी चोरी केली नाही. चोर हरिचंद आहे. तांदळानं चोर सापडत नाही, आजारी तोंड सापडतं, आणि हे माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला कळायला हवं होतं. बाई शब्द त्यांनी आठवणीनं लावला होता.

लोक चुळबुळले. मागून कोणी विचारलं की मग पुडी खाणाऱ्यांनी काय करायचं? डॉक्टर उत्तर द्यायच्या आत चांगुणा पुढे झाली.

"पुडी एकदम सोडू नका, मराल," ती म्हणाली. "दवाखान्यात या, डॉक्टर सांगतील तशी सोडा. लाजू नका. ज्याचं तोंड पांढरं झालंय त्यानं हात वर करा."

बराच वेळ कोणी हललं नाही. कोणाचंच तोंड पांढरं नाही असं वाटावं, इतका वेळ. चांगुणा तशीच उभी राहिली, एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत. मग डावीकडून एक हात वर आला, त्यामागे दुसरा, आणि मग बायकांच्या बाजूनं चार. तिनं मोजायला सुरुवात केली.